नाणेघाटाची वाट



सातवाहनांच्या काळी कल्याण-जुन्नरचा व्यापार ज्या वाटेने चाले, त्या नाणेघाटाने आम्ही युनियनची माणसे वैशाखऱ्याहून चढलो. माथ्याजवळच्या लेण्यात सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा, राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ झाले, दक्षिणेत किती गाई, किती कार्षापण दिले, याचा त्यात चोख हिशेब आहे. राजघराण्यातील पुतळ्यांची आता पावलेच उरली आहेत. घाटाच्या पायऱ्या घडवणारांचे नाव मात्र कोठेच नाही. आमच्यातला एक तरुण कामगार म्हणाला, "मग आपण आलो कशाला?"

आम्ही त्याला घाटघरावरून जुन्नरपर्यंत चालवले. तेथील लेण्यांतले लेख सांगतात, की बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मादायाच्या ठेवी सोपवल्या जात. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एकट्या बुरुडाकडे कायमची ठेव कोण ठेवील? माणूस मरतो, संघ टिकतो, म्हणून ठेवली.

तो काही बोलला नाही. परतल्यावर त्याने थकलेली ३ महिन्यांची वर्गणी भरली.