धुक्यातील दिवा

डिसेंबरअखेरपासून जानेवारी सरेपर्यंत ग्वाल्हेरहून मुरैना-धौलपूरमार्गे आग्र्याकडे निघालेली मोटार पहाटेच्या वेळी कापसाच्या गंजीत शिरावी तशी धुक्यात शिरते. समोरचे दिसेनासे झाले की चालकाचा हात आपोआप दिव्याच्या खटक्याकडे जातो आणि तो मोठा झोत लावतो. अंधारावर हा उपाय योग्यच आहे. परंतु येथे समोर नुसता अंधार नसतो, पाणी असते. त्या पाण्यावर जितका अधिक प्रकाश टाकावा तितका तो अधिक परत येतो. चालकापुढे एक पांढरी भिंत उभी राहते आणि ती त्याच्याच दिव्यांनी उभारलेली असते.

धुके म्हणजे वाफ नव्हे. वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असतो. या थेंबांमुळे एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले, की हवामानशास्त्र त्या स्थितीला धुके म्हणते. उत्तरेच्या मैदानात निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिच्यालगतची ओली हवा गारठते आणि धुके दाटते. आंबोली किंवा चोर्ला घाटातली रीत वेगळी. तेथे पावसाळ्यात समुद्राकडून आलेला वारा डोंगर चढता चढता थंड होतो आणि ढगच रस्त्यावर उतरतो. भर दुपारीही बेळगावकडची गाडी चाचपडत चालते. कारणे दोन असली, तरी थेंब तेच असतात, म्हणून दिव्याचा विचारही दोन्हीकडे एकच.

नेहमीचा मोठा दिवा प्रकाश दूरवर आणि वरपर्यंत फेकतो. चालकाची दृष्टी ज्या हवेतून जायची, तीच हवा तो उजळून टाकतो. प्रत्येक उजळलेला थेंब थोडासा प्रकाश मागे परतवतो आणि अशा असंख्य थेंबांचा मिळून डोळे दिपविणारा पडदा होतो. धुक्याच्या दिव्याची, म्हणजे फॉग लॅम्पची, रचना नेमकी हीच अडचण ओळखून केलेली असते. तो खाली बसवतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांनुसार मोटारगाडीवर त्याची जागा जमिनीपासून २५ ते ८० सेंटिमीटरच्या दरम्यान असावी लागते. त्याचा झोत आडवा, रुंद आणि चपटा असतो, आणि वरची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असते. त्या कडेच्या वरचे थेंब अंधारातच राहतात. चालक त्या न उजळलेल्या थरातून खालच्या उजळलेल्या रस्त्याकडे पाहतो, आणि त्याला रस्त्याची कड, पांढरा पट्टा, साइडपट्टी दिसू लागते. हा दिवा दूरचे दाखवीत नाही. दूरचे दाखविण्याचा हट्ट सोडला म्हणूनच तो जवळचे दाखवू शकतो.

पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, असा एक समज गॅरेजांतून फार रुजलेला आहे. त्याचे मूळ बहुधा आकाशाच्या निळाईत असावे. प्रकाशलहरीहून पुष्कळ लहान कण निळ्या प्रकाशाला अधिक विखुरतात, हे पुढे लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्धीस आलेल्या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये मांडले. पण धुक्याचा थेंब प्रकाशलहरीहून कितीतरी मोठा असतो आणि तो सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतो. धुके पांढरे दिसते ते त्यामुळेच. पिवळ्या काचेने काही डोळ्यांना जरा निवांत वाटते, एवढे खरे. फ्रान्सने तर १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३पर्यंत गाड्यांचे पुढचे दिवे पिवळेच ठेवले होते. आंतरराष्ट्रीय नियमांना पांढरा व पिवळा, दोन्ही फॉग लॅम्प मान्य आहेत. दिव्याचा गुण त्याच्या आकारात आणि जागेत आहे, रंगात नाही.

मागचा फॉग लॅम्प मात्र पाहण्यासाठी नसून दिसण्यासाठी असतो. नेहमीचा तांबडा टेल लॅम्प दाट धुक्यात गिळला जातो, म्हणून हा दिवा त्याच्या कितीतरी पट तेजस्वी, जवळजवळ ब्रेक लाइटइतका करतात. यात एक धोका दडलेला आहे. धुके निवळल्यावरही तो चालू राहिला, तर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि पुढच्याने ब्रेक कधी दाबला हे कळत नाही. म्हणूनच तो ब्रेक लाइटपासून दहा सेंटिमीटरहून अधिक दूर ठेवतात, आणि एकच असेल तर डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांत उजव्या बाजूस बसवतात. ब्रिटनमध्ये सुमारे १०० मीटरच्या आतलेच दिसत असेल तेव्हाच फॉग लॅम्प लावता येतात आणि दृष्टी सुधारताच ते विझविणे कायद्याने बंधनकारक आहे. जर्मनीचा नियम अधिक कडक: मागचा फॉग लॅम्प दृष्टी ५० मीटरच्या आत आली तरच लावायचा, आणि मग गाडीही ताशी ५० किलोमीटरहून अधिक हाकायची नाही. तेथील महामार्गांच्या कडेचे खांब ५० मीटरांवर रोवलेले असतात. पुढचा खांब दिसतो की नाही, एवढे पाहिले म्हणजे मोजमाप झाले.

या ५० आकड्यात मोठा हिशेब आहे. ब्रिटिश हायवे कोडच्या कोष्टकाप्रमाणे ताशी ८० किलोमीटर वेगाच्या गाडीला थांबण्यास कोरड्या रस्त्यावर ५३ मीटर लागतात. म्हणजे ५० मीटरवर उभा असलेला ट्रक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, दिवा कितीही चांगला असो. ताशी ४८ किलोमीटरला तेच अंतर २३ मीटर होते. ओल्या रस्त्यावर ते किमान दुप्पट धरायचे, म्हणजे ४६. फार तर चार मीटर शिल्लक उरतात. २०१२ साली सुरू झालेल्या यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यात वेगमर्यादा उतरवितात, ती याच हिशेबाने.

आपल्याकडे धुके पडले की चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी हाकण्याची चाल पडली आहे. ती सोडलेली बरी. ती खूण थांबलेल्या गाडीची आहे. शिवाय चारही दिवे लुकलुकत असताना वळण्याची खूण बहुतेक गाड्यांत देताच येत नाही. पुढच्या गाडीचे तांबडे दिवे धरून तिच्या पाठोपाठ जाणे हाही तसाच फसवा आधार, कारण ती थांबली तर मागच्याला तितकी जागा उरत नाही. हेडलाइट खालच्या झोतावर असावेत, डावी कड नजरेत असावी, आणि थांबणे भाग पडले तर गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली घ्यावी.

बाजारात बसवून घेतलेले फॉग लॅम्प पुष्कळदा बंपरच्या वर, तोंड आभाळाकडे करून लावलेले दिसतात. असा दिवा धुक्यात निरुपयोगी आणि स्वच्छ रात्री समोरच्याला घातक. त्याची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करावी आणि दिवा लावावा. झोताची वरची कड भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा निदान दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. ती वर चढलेली दिसली, तर गाडी घाटाकडे नेण्याआधी मिस्त्रीकडे न्यावी.