न दिसणारी धूळ



गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. शेजारचा एक तरुण मुलगा पुण्याहून सुट्टीला आला होता. तो इमारतींवर रंगकाम करतो. ओसरीवर बोलत बसलो असता तो सारखा खोकत होता. मी विचारले, तेव्हा म्हणाला, “काका, हल्ली पुट्टी फार बारीक येते. भिंत घासली की नुसता पांढरा धूर उठतो.” “मग तोंडाला काय बांधतोस?” “रुमाल. दुसरं काय बांधणार?” इतक्यात त्याची आई आतून म्हणाली, “मातीत जन्म गेला आमचा, धुळीला काय भ्यायचं हो?”

त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आजचे हे भाषण. मी अर्थशास्त्र शिकवतो, वैद्य नव्हे. त्या मुलाचा खोकला कशामुळे, हे डॉक्टरांनीच सांगावे. परंतु धूळ आणि धूळ यांत फरक असतो, एवढे मात्र सर्वांना कळले पाहिजे.

शेतातली जाड धूळ बहुतांशी नाकात आणि घशात अडकते. आपण शिंकतो, खाकरतो, ती बाहेर पडते. दगड, विटा, काँक्रीट कापताना उडणारी बारीक सिलिकाची धूळ मात्र फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत जाते. तिच्यामुळे सिलिकोसिस होतो, आणि एकदा झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. आता बांधकामात याहूनही बारीक पदार्थ येऊ लागले आहेत. त्यांना नॅनो पदार्थ म्हणतात.

नॅनो म्हणजे किती लहान? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे असतात. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात फळ्यावर एक हिशेब करून पाहावा. एक मिलिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६ चौरस मिलिमीटर. त्याचेच १०० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांचे मिळून क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे जवळजवळ टंकलेखनाच्या एका कागदाएवढे! वजन तेच, पृष्ठभाग मात्र दहा हजार पट. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर का विरघळते, हे गृहिणीला ठाऊक आहेच. तेच तत्त्व येथे.

या गुणामुळेच हे कण उपयोगी पडतात. नॅनो सिलिकाने काँक्रीट घट्ट व मजबूत होते. टायटॅनियम डायऑक्साइड घातलेल्या सिमेंटची भिंत उन्हाच्या साहाय्याने आपला मळ कमी करते. रोममध्ये २००३ साली उघडलेले एक पांढरेशुभ्र चर्च अशाच सिमेंटचे आहे. पण जो गुण भिंतीत उपयोगी, तोच फुप्फुसात अपायकारक ठरू शकतो. २००८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात लांब कार्बन नलिकांनी पोटाच्या पोकळीत ॲस्बेस्टॉससारखाच दाह निर्माण केला. म्हणून अमेरिकेच्या कामगार आरोग्य संशोधन संस्थेने २०१३ साली अशा नलिकांसाठी घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम इतकी कडक मर्यादा सुचवली.

कुणी म्हणेल, माणसांवरचा पुरावा पुरता येऊ द्या, मग पाहू. येथे ॲस्बेस्टॉसची कथा आठवावी. त्या धुळीबद्दल ब्रिटनमधील महिला कारखाना निरीक्षकांनी १८९८ साली इशारा दिला होता. पहिले नियम झाले १९३१ साली, आणि संपूर्ण बंदी आली १९९९ साली. इशारा आणि बंदी यांत एकशे एक वर्षे गेली. त्या काळात किती घरांतले कर्ते पुरुष गेले असतील! हा रोग वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो, तोवर ना ठेकेदार सापडतो, ना इमारतीचा मालक.

मग करायचे काय? भिंतीत घट्ट बसलेला कण सहसा त्रास देत नाही. धोका असतो तो कोरडी भुकटी ओतताना, मिसळताना, भिंत घासताना, भोके पाडताना आणि जुने बांधकाम पाडताना. म्हणून पहिली गोष्ट, शक्य तेथे माल भुकटीऐवजी पातळ स्वरूपात घ्यावा. दुसरी, कापताना पाणी मारावे किंवा धूळ ओढून घेणारे यंत्र हत्याराला जोडावे. तिसरी, कोरडा झाडू मारू नये. चौथी, रुमालावर विसंबू नये. एन-९५ सारखा मुखवटा हे बारीक कण चांगले अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. कडेने फट राहिली की धूळ तेथूनच आत शिरते. पाचवी, हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच घरी जावे. नाहीतर तीच धूळ लेकरांच्या अंथरुणात येते.

हा सारा भार बिगाऱ्यावर टाकून मात्र चालणार नाही. पाणी, यंत्र, मुखवटा पुरवणे आणि पिशवीत काय आहे हे सांगणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. प्रत्येक मालाचे सुरक्षा माहितीपत्रक मागण्यास मुकादमाने संकोच करू नये. १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे.

दिवाळीनंतर तो मुलगा पुण्याला निघाला, तेव्हा त्याला एवढेच सांगितले, “आधी डॉक्टरला छाती दाखव, आणि पुढच्या खेपेला पिशवीवर काय लिहिलंय ते वाचून ये.” त्याची आई दारात उभी होती. या वेळी ती काही बोलली नाही. फक्त त्याच्या पिशवीत कपड्यांचा आणखी एक जोड घातला, कामावरून निघताना बदलायला.

आपल्याही गावातून कुणी ना कुणी बांधकामावर गेलेच असेल. त्याला हे चार शब्द जरूर कळवा.