पट्टा बोलत नाही

मोटारीचं दुखणं बहुतेक वेळा कानाला कळतं. ब्रेक करकरतात, बेअरिंग घुमतं, सायलेन्सर फुटला तर साऱ्या गल्लीलाच कळतं. जुन्या ॲम्बॅसिडरच्या आणि प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनात टायमिंगची साखळी असे. ती सैल पडली की खडखडायची आणि अनुभवी मेस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच सांगायचा, ‘चेन वाजतेय.’ मात्रा कानाने तोलायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला अशी गाडी आपली वाटायची. टायमिंग बेल्टचं मात्र तसं नाही. हा रबराचा दातेरी पट्टा झाकणाआड फिरत असतो आणि बहुधा तुटेपर्यंत चकार शब्द काढत नाही.

या पट्ट्याचं काम काय? पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरतो तो खालचा क्रँकशाफ्ट. व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो-मिटतो तो वरचा कॅमशाफ्ट. खालच्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा एक झाला पाहिजे. हा हिशेब पट्ट्याकडे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो आणि कॅम पंचवीस वेळा. पट्ट्याचा एखादा दात सरकला तर इंजिनाचा जोर जातो. पट्टाच तुटला तर कॅम जागच्या जागी थांबतो. काही इंजिनांत मग वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि खर्च हजारांच्या घरात जातो. काहींत तेवढी जागा राखलेली असते, व्हॉल्व्ह वाचतात. पण घाटातल्या वळणावर इंजिन बंद पडणं दोन्हींत सारखंच. ब्रेकला बूस्टर असेल तर इंजिन थांबल्यावर एक-दोन दाबांपुरतीच त्याची मदत उरते. पुढे पाय नुसता रेटावा लागतो.

घाट म्हणायचं कारण, आमची मुलगी नोकरीला कोयनानगरला आहे आणि आम्ही राहतो चिपळूणला. शनिवारी ती कुंभार्ली घाट उतरून येते, सोमवारी पहाटे चढून जाते. गाडी २००९ सालची मारुती ८००, आमच्या हाती तिसऱ्यांदा आलेली. पट्टा आधी कधी बदलला, बदलला की नाही, याचा एक कागद नाही. एका गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘चालतेय ना? मग कशाला हात लावता?’ हे उत्तर आपल्याकडे फार ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. पट्ट्याचं आयुष्य कंपनी किलोमीटरमध्येही सांगते आणि वर्षांतही, कारण गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतच असतं. ज्याचं दुखणं ऐकू येत नाही, त्याची तारीखच लिहून ठेवावी लागते. तारीख हरवली असेल, तर बदलून नव्याने लिहावी.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मेस्त्रींनी गुडघ्यांपायी गॅरेज बंद केलंय. ते म्हणाले, ‘शायरसाहेब, हात तुमचे, डोळे माझे.’ रविवारी सकाळी ते आमच्या अंगणात स्टुलावर येऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत पान्याला शिवले नाहीत.

बॅटरीची वायर काढली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवायची नाही म्हणून खाली स्टँड लावले. स्पार्क प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. क्रँकच्या पुलीचा बोल्ट हे खरं झुंजीचं काम. मुलीने गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून धरला, मी लांब दांड्याच्या पान्यावर सगळं वजन टाकलं, तेव्हा कुठे तो हलला. ‘अब्बा, हळू,’ असं ती आतून दहादा तरी म्हणाली असेल.

झाकण निघाल्यावर मी जुन्या पट्ट्यावर आणि चाकांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करायला निघालो होतो. त्याच खुणा मोजून नव्या पट्ट्यावर उतरवल्या की झालं, असं पुष्कळजण करतात. मेस्त्रींनी हात वर केला. ‘आधीच्याने चुकीचा बसवला असेल तर? तुम्ही चूकच उतरवून घेणार.’ पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीतला मुद्रणदोष पुढच्या चार आवृत्त्यांत इमानाने छापला जातो, ते मी पाहिलेलं आहे. त्यामुळे हे चटकन पटलं. कंपनीने कॅमच्या चाकावर आणि क्रँकच्या चाकावर खुणा दिलेल्या असतात, त्यांच्यासमोर इंजिनावरही खुणा असतात. काजळी पुसून, आरसा धरून, त्या शोधल्या आणि जुळवल्या. त्यानंतरच पट्टा उतरवला. उतरवल्यावर कॅम किंवा क्रँक, कशालाही धक्का लावायचा नाही.

ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्यावी. तेल पाझरलं तर नवा पट्टाही लवकर खराब होतो, आणि एवढं उघडायचा खटाटोप पुन्हा कोण करणार? टेन्शनरचं बेअरिंगही हाताने फिरवून पाहावं, खरखर लागली तर तेही बदलावं. नवा पट्टा मुडपायचा, पिळायचा नाही. आतले धागे मोडतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

पट्टा चढला, ताण बसला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मला वाटलं, आता चावी. मेस्त्री म्हणाले, ‘हाताने दोन फेरे.’ दोनच का, तर तेवढ्यात कॅमचा एक फेरा पुरा होतो आणि सगळ्या खुणा पुन्हा समोरासमोर याव्या लागतात. मध्ये कुठे कडक अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. मी पान्याने इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरवत गेलो. त्या दोन फेऱ्यांना पाच मिनिटं लागली असतील, आणि अंगणात कुणी बोलत नव्हतं. खुणा जुळल्या. मेस्त्रींनी आणखी दोन फेरे घ्यायला लावले. परत जुळल्या. मग प्लग बसवले, बाकीची जुळवाजुळव केली आणि मुलीनेच चावी फिरवली.

बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे, तारीख आणि किलोमीटर लिहून, वर पारदर्शक टेप मारून. आवराआवर करताना जुना पट्टा हातात घेऊन पाहिला. समोरून अगदी धडधाकट. उलटा वाकवला तेव्हा दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसल्या. तो आणखी वर्षभर चालला असता की पुढच्या सोमवारी घाटात तुटला असता, हे काही त्यावरून सांगता येत नव्हतं.

मी तो खिळ्याला अडकवून ठेवणार होतो. मेस्त्रींनी घरातून कोयती मागवली, पट्टा मधोमध कापला आणि दोन तुकडे माझ्या हातात दिले. म्हणाले, ‘अख्खा दिसला की कुणीतरी बसवतो.’