झाकणाखालची वाफ

मुरगूडच्या घरी लहानपणी भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलताना मी हात भाजून घेतला होता. आजी म्हणाली, "अरं, पाण्यापरीस वाफंचा चटका वाईट." कारण पुढं पुस्तकात सापडलं. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होताना ते ५४० कॅलरी उष्णता पोटात घेतं. वाफेचं पुन्हा पाणी झालं, की ती सगळी बाहेर येते. तेव्हा ती माझ्या हातावर आली, इतकंच!

नोकरी लागली ती तेलशुद्धीकरणात. खनिज तेल साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून मनोऱ्यात सोडतात. माथ्यावरून निघणारी नॅफ्थ्याची वाफ कंडेन्सरमध्ये जाते. तिथं गार पाणी वाहणाऱ्या शेकडो नळ्या असतात. त्या किती लागतील, हा हिशेब माझ्याकडे होता.

नुसेल्ट या जर्मन शास्त्रज्ञानं १९१६ मध्ये याचं गणित मांडलं. वाफ थंड नळीवर द्रव होते, त्या द्रवाचा पातळ थर बसतो आणि तोच पुढच्या उष्णतेची वाट अडवतो. गणित देखणं आहे, पण ते एकाच पदार्थाच्या शुद्ध वाफेचं. नॅफ्थ्यात अनेक घटक. जड ते आधी द्रव होतात, हलके मागाहून, आणखी थंड झाल्यावर. शिवाय जो वायू द्रव होतच नाही, तो नळीभोवती गर्दी करतो. एस.टी.च्या दारात न उतरणारेच उभे राहावेत आणि उतरणाऱ्यांनी त्यांच्यातून वाट काढावी, तशी मग उरलेल्या वाफेची गत.

मी सगळी वाफ शुद्ध धरली. कागदावर सारं जुळलं. मे महिन्यात थंड करायचं पाणीच कोमट झालं, मनोऱ्याच्या माथ्यावरचा दाब चढू लागला आणि तेलाची आवक कमी करावी लागली. साहेब ओरडले नाहीत. माझ्या कागदावर पेन्सिल टेकवून एवढंच विचारलं, "यात गॅस कुठं आहे?" त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग कंडेन्सरचे टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्यावर तापमान नवं, वाफ किती उरली आणि वायू किती, हेही नव्यानं. तीन आठवडे कॅल्क्युलेटर बडवला. नळ्या जवळपास दीडपट निघाल्या. आज संगणक हे काम क्षणात करतो; गॅस मात्र आपणच सांगावा लागतो.

परवा मुरगूडला गेलो होतो. वहिनींनी कुकर चढवला, पण शिट्टी बाजूलाच. मी ती ठेवायला गेलो, तर म्हणाल्या, "थांबा की भावजी, आतली हवा तरी जाऊ द्या आधी!"