पहिल्या पाच वर्षांची जोखीम



नेत्रतज्ज्ञांच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद एका हिशेबनिसाला देण्याचं धाडस तुम्ही केलंत, त्याबद्दल आभार. माझ्या हातात शस्त्रक्रियेचं पातं कधी आलं नाही आणि त्यातच रुग्णांचं हित होतं. नेत्ररुग्णालयांची खाती तपासण्यात मात्र बरीच वर्षं गेली. त्यामुळे आज बोलणार आहे ते पैशाबद्दलच. विशेषतः गरीब देशांत डोळ्यांच्या उपचारासाठी पैसा कसा उभा राहतो, याबद्दल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टिविषयक अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांची दृष्टी अधू आहे. त्यांतल्या किमान १०० कोटींचं अधूपण टाळता आलं असतं किंवा त्यावर अजून उपचार झालेले नाहीत. यात मोठा वाटा मोतीबिंदूचा आणि न मिळालेल्या चष्म्याचा. दोन्हींवरचा इलाज जुना आणि खात्रीचा. मग अडतं कुठे? ‘पैसे नाहीत’ हे उत्तर माझ्या मते अर्धंच खरं आहे. पैसे येतात, पण भलत्या वेळी आणि भलत्या कामासाठी. यंत्राला देणगी मिळते, कारण दात्याचं नाव यंत्रावर लावता येतं; ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या पगाराला मिळत नाही. शिबिराला मिळते, शिबिरानंतरच्या तपासणीला मिळत नाही. आणि नवं रुग्णालय काढलं, तर पगार पहिल्या दिवसापासून सुरू होतात. रुग्णांची रांग लागायला मात्र चार-पाच वर्षं जातात. ही वर्षं कोणाच्या जिवावर काढायची, हा खरा प्रश्न.

आपल्याकडे याचं पहिलं मोठं उत्तर मदुराईत मिळालं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ मध्ये त्यांनी ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. भांडवलासाठी राहतं घर गहाण टाकलं. ज्याला परवडतं त्याने पैसे द्यायचे, ज्याला परवडत नाही त्याच्यावर मोफत शस्त्रक्रिया व्हायची, आणि डॉक्टर दोघांना तेच. हे दयाबुद्धीने चालल्यासारखं वाटतं, पण चाललं ते काटेकोर खर्चावर. शल्यचिकित्सकाचा एक मिनिटही वाया जाऊ नये अशी शस्त्रक्रियागृहाची मांडणी होती. बाकीचं काम गावोगावहून आणून शिकवलेल्या मुली करायच्या. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचं परदेशी भिंग शंभर डॉलरच्या आसपास पडत होतं, म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगं मदुराईतच बनवायला घेतली आणि किंमत दहा डॉलरच्या घरात आणली. काठमांडूत डॉ. सांदुक रुइत यांच्या तिलगंगा संस्थेनेही भिंगांचा कारखाना काढला, तोही याच हिशेबाने. भिंग स्वस्त झालं, तेव्हाच गरिबाची शस्त्रक्रिया ताळेबंदात बसली. अर्थसाहाय्याच्या परिषदांत या कारखान्यांचं नाव क्वचित निघतं. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोठी आर्थिक कल्पना तीच होती.

पण गहाण टाकायला घरच नसेल तर? किंवा घर आहे, पण बँक नेत्ररुग्णालयाला धंदा मानायला तयार नसेल तर?

कॅमेरूनच्या राजधानीत, याउंडेमध्ये, हाच प्रश्न उभा राहिला. तिथे अरविंदच्या धर्तीवर मग्राबी आयसीओ कॅमेरून आय इन्स्टिट्यूट हे रुग्णालय उभं राहिलं होतं. इमारत होती, यंत्रं होती, खेळतं भांडवल नव्हतं. २०१८ मध्ये त्यासाठी ‘कॅटरॅक्ट बॉण्ड’ नावाची योजना आली. अमेरिकी सरकारच्या ओपिक या गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने सुमारे २० लाख डॉलरचं कर्ज आधी मिळालं. पाच वर्षांत १८ हजारांपर्यंत मोतीबिंदू शस्त्रक्रिया करायच्या, दर्जा राखायचा आणि रुग्णालय स्वतःच्या पायावर उभं करायचं, असं ठरलं. ही उद्दिष्टं साधतील तसे पैसे द्यायचं कॉनराड हिल्टन फाउंडेशन, फ्रेड हॉलोज फाउंडेशन आणि साइटसेव्हर्स यांनी आधीच कबूल केलं. थोडक्यात, सुरुवातीच्या वर्षांची जोखीम गुंतवणूकदाराने घेतली आणि देणगीदाराने पैसे मोजायचे ते काम झाल्यावर.

‘बॉण्ड’ हे नाव जरा भारदस्त आहे. हे कागद कुठल्या बाजारात विकले जात नाहीत. हे अटींचं कर्ज आहे. शिवाय २० लाख डॉलरसाठी वकील, सल्लागार, आकडे पडताळणारे त्रयस्थ असा लवाजमा लागतो. मांडवाचा खर्च लग्नापेक्षा जास्त व्हायची भीती असते. म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयासाठी असा बॉण्ड काढा, असं मी म्हणणार नाही. साध्या कमी व्याजाच्या कर्जानेही पुष्कळ काम होतं. ड्यूश बँकेने २०१० च्या सुमारास काढलेला ‘आय फंड’ गरीब देशांतल्या नेत्ररुग्णालयांना कर्जच देत होता.

तरीही याउंडेच्या प्रयोगातली एक गोष्ट मला मोलाची वाटते: तिथे पैसे नुसत्या संख्येवर नव्हे, निकालाच्या दर्जावरही ठरले. मोतीबिंदूचा निकाल दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या तक्त्यावर मोजता येतो. मधुमेहाचा किंवा क्षयाचा असा लगेच मोजता येत नाही. इतका स्वच्छ निकाल हाताशी असताना आपण मोजत आलो ते काय? शस्त्रक्रियांची संख्या.

आता आपल्या घराकडे वळतो. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ ते २००२ या काळात भारतातल्या सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प चालला आणि त्यात महाराष्ट्र होता. दीड कोटीहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि भिंगारोपण सर्वत्र रुजलं. हे काम मोठं होतं, त्यात शंका नाही. स्वयंसेवी रुग्णालयांना दर शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळत असे. पुढे ते हजारावरून दोन हजार रुपयांपर्यंत गेलं. आज परदेशात ज्याला ‘निकालावर आधारित अर्थसाहाय्य’ म्हणून मिरवतात, त्याच्या फार जवळचं काम आपण तेव्हाच करत होतो. फरक एवढाच की अनुदान शस्त्रक्रियेमागे होतं, परत आलेल्या दृष्टीमागे नव्हतं. त्यामुळे मार्च जवळ आला की शिबिरं वाढायची. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी आकडा गाठायचा असे.

२००१-०२ च्या पाहणीत देशातल्या अंधत्वाचं प्रमाण १.१ टक्के होतं, २०१५-१९ च्या पाहणीत ०.३६ टक्के. दोन्ही आकडे शेजारी ठेवून टाळ्या घेतल्या जातात. पण मधल्या काळात अंधत्वाची व्याख्याही बदलली आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कोणी सांगत नाही. सुधारणा खरी आहे, तिचं माप मात्र फुगलेलं आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने याबाबत शहाणपणा दाखवला. २०३० पर्यंतचं उद्दिष्ट ठरवताना नुसती शस्त्रक्रिया धरली नाही, तर शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांच्या तक्त्यावर ६/१२ ची ओळ वाचू शकणारा रुग्णच धरला.

चष्म्याची गोष्ट वेगळी आहे. चाळिशी लागलेल्या माणसाला बॉण्ड नको, दारात चष्मा हवा. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या आरोग्यसेविका व्हिजनस्प्रिंग या चष्मे पुरवणाऱ्या संस्थेबरोबर घरोघर जवळचे चष्मे विकतात. तिथल्याच ग्रामीण भागातल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा चष्मा मिळालेल्यांचं उत्पन्न आठ महिन्यांत सुमारे ३३ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आसामातल्या चहाच्या मळ्यांत झालेला असाच अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पानं खुडण्याचा वेग पाचव्या हिश्शाहून जास्त वाढला. रुग्णालयाच्या चष्म्याच्या दुकानाकडे नाक मुरडणाऱ्या डॉक्टरांना मी एवढंच सांगेन, की मोफत शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळ ठिकाणी तेच दुकान भरून काढतं.

उद्या एखादी वित्तसंस्था तुमच्या दारात कर्ज घेऊन आली, तर ती दोन आकडे विचारील. एका मोतीबिंदू शस्त्रक्रियेला तुम्हाला, देणगीची यंत्रं आणि मानद डॉक्टरांचा वेळ धरून, खरोखर किती खर्च येतो? आणि सहा आठवड्यांनी तुमच्या किती रुग्णांना ६/१२ पर्यंत दिसतं? जे रुग्ण परत आले नाहीत, तेही हिशेबात धरून. माझी विनंती आहे की इथल्या प्रत्येक रुग्णालयाने हे दोन आकडे येत्या मार्चअखेरच्या वार्षिक अहवालात छापावेत. आकडे वाईट निघाले, तरी छापावेत.