दहाच्या आतला आवाज

मी सिंदी रेल्वेचा. सिंदी म्हटलं की बाहेरच्यांना तान्हा पोळा आठवतो, लाकडी नंदीबैलांची ती मिरवणूक. आमच्या लहानपणी त्या बैलांची चाकं अशी कुरकुरायची, की कुणाचा बैल येतोय हे न बघता सांगता यायचं. माझं गॅरेजचं शिक्षण तिथंच सुरू झालं असं मी गमतीनं म्हणतो. बाकीचं झालं वर्धा स्टेशनवर. गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याच्या हातोडीनं चाकं ठोकत जायचा. चाक खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तो तिथंच थांबायचा.

मागच्या हिवाळ्यात नागपूरचे एक गृहस्थ दोन आसनांची, जमिनीला पोट लागलेली स्पोर्ट्स कार घेऊन आले. सगळी पोरं गोळा झाली. ‘काका, हळू चालवली की खट्‌खट् आवाज येऊन राहिला. जोरात पळवली की बंद.’ शहरातल्या एका वर्कशॉपनं पुढचं सस्पेन्शन बदलायला सांगितलं होतं. खर्च ऐंशी हजार.

‘काही नाही, चालवा बिनधास्त’ हे वाक्य मी वीस वर्षांपूर्वी सोडलं. तेव्हा एका प्रवासी जीपच्या टकटकीला मी असंच उत्तर दिलं होतं. चाकाचे नट सैल होते. दुसऱ्या दिवशी चाक निघालं. बाजाराचा दिवस, आत अकरा माणसं. गाडी चढावर रांगत होती म्हणून सगळे वाचले. त्यामुळे या गाडीचे नट मी आधी पान्यानं तपासले. घट्ट होते.

मग इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, आणि पोरांना म्हटलं, ढकला. आवाज होताच. म्हणजे इंजिन सुटलं. तसंही इंजिन नुसतं उभ्या गाडीत चालू असलं तरी मिनिटाला सात-आठशे फेरे घेतं. त्याचा आवाज इतका सावकाश येत नाही. चाकाचं गणित वेगळं. या गाडीचा टायर एका फेऱ्यात जवळजवळ दोन मीटर जातो. ताशी दहाच्या वेगानं पाच सेकंदांत सात फेरे. दर फेऱ्याला एक ठोका पडला तर दोष चाकाशी बांधलेला: दगड, डिस्क, नट. पूर्ण वळणावर कट्‌कट् झाली तर सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी गुरगुर असेल तर बेअरिंग.

इथं मात्र ठोका चुकत होता. दोन फेऱ्यांत एक, मग लागोपाठ दोन. माझे कान आता साठीचे. बारीक आवाज निसटतात. म्हणून हाताखालच्या पोराला गाडीबरोबर चालायला लावलं. ‘ऐकू येऊन राहिलं का रे?’ तो म्हणाला, ‘हो काका, डबीत खडा हलवल्यावानी. डाव्या पुढच्या चाकात.’

आपला नेहमीचा जॅक त्या गाडीखाली जाईना. आधी ती दोन फळ्यांवर चढवली, मग उचलली. चाक हातानं फिरवलं. काहीतरी वर चढायचं आणि धपकन पडायचं.

वेग वाढला की आवाज बंद का, हे तेव्हा उलगडलं. बादलीत पाणी भरून गरगर फिरवलं तर सांडत नाही, तसंच. टायरमध्ये सुटी वस्तू असेल तर ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास, प्रत्यक्षात जरा पुढेच, ती आतल्या भिंतीला चिकटून चाकाबरोबर फिरते. पडतच नाही, मग वाजणार काय? वेग कमी झाला की पुन्हा पडझड सुरू.

मी विचारलं, ‘समोर पिवळा दिवा लागतो का?’ ते म्हणाले, ‘लागतो ना. हवेचा आहे म्हणाले, दुर्लक्ष करा.’ पुढे कळलं, महिनाभरापूर्वी समृद्धी महामार्गावर याच चाकाचं पंक्चर झालं होतं. टायर उतरवताना टॉमी आतल्या हवेच्या सेन्सरला लागली असावी. टायर खोलला तेव्हा तुटलेला सेन्सर निघाला, अंगठ्याएवढा. टायरच्या आतल्या रबरावर त्याच्या चरा उमटल्या होत्या. खोल नव्हत्या, पण आणखी काही महिने गेले असते तर मी तो टायर परत बसवला नसता. सस्पेन्शनला काही झालं नव्हतं.

नवा सेन्सर नागपुरातूनच घ्यावा लागणार होता. तोवर साधा वॉल्व्ह टाकला, चाकाचं बॅलन्सिंगही तिथंच करून घ्या म्हणालो. मजुरी घेतली साडेचारशे. त्यांना वाटलं, मी एखादं शून्य विसरलो.

मग काचा खाली करून स्टेशन रोडवर माणसाच्या चालीनं एक फेरी मारली. मागे पोरगा कान देऊन चालत होता. तेवढ्यात मालगाडी आली, अठ्ठावन्न-साठ डब्यांची. ती जाईपर्यंत थांबलो आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.