गिरडची दगडी फळें



प्रतापनगरांतील आमच्या घरीं देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यांत जायफळाएवढा एक गोल दगड आहे. माझ्या आईनें तो गिरडच्या टेकडीवरून आणला होता. या दगडापायीं मीं एकदां तिचें मन दुखविलें. आज त्या टेकडीविषयीं बोलावयाचें, तर ती गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जातां येणार नाहीं.

गिरड हें गांव वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर तालुक्यांत आहे. नागपुराहून उमरेडच्या वाटेनें तेथें जातां येतें. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. मुसलमानांइतक्याच श्रद्धेनें हिंदूही तेथें नवस बोलतात आणि फेडतात. आमची आई त्यांतलीच एक.

टेकडीची कथा अशी सांगतात. कांहीं फिरते व्यापारी बैलांवर माल लादून तेथून चालले होते. गोण्यांत नारळ व जायफळें होतीं. वाटेंत बसलेल्या फकिराची त्यांनीं टवाळी केली. पुढें गोण्या सोडून पाहतात, तों आंत नुसते दगड! टेकडीवर विखुरलेले गोल दगड ते हेच, अशी भाविकांची समजूत आहे.

मी त्या वेळीं महाविद्यालयांत भूगर्भशास्त्र शिकत होतों. सुटींत घरीं आलों आणि दगड हातांत घेऊन आईला व्याख्यान देऊं लागलों. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं या प्रदेशांत जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला. तो थरावर थर थिजून बसाल्टाचा काळा खडक झाला. अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळें त्यांत पोकळ्या राहिल्या. झिरपणाऱ्या पाण्यांतील द्रव्यें त्या पोकळ्यांत सांचून त्यांचे गोळे बनले. भोंवतालचा खडक झिजला, कीं ते मोकळे होतात. यांतील एका खनिजवर्गाला झिओलाइट म्हणतात. तापविलें असतां तें उकळल्यासारखें फसफसतें, म्हणून क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५६ मध्यें ‘उकळता दगड’ अशा अर्थाचें हें ग्रीक नांव दिलें.

एवढें सांगून मी थांबतों तर बरें होतें. पण मी हंसलों, आणि म्हणालों, “आई, तूं खडकांतल्या बुडबुड्याला हळदकुंकू वाहतेस!”

आई कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “दगड कशाचा, तें तुझें पुस्तक सांगेल. पण त्या व्यापाऱ्यांचें पुढें काय झालें, तें तूं विचारलेंस का?”

मीं विचारलें नव्हतें. कथेचा उत्तरार्ध असा आहे: व्यापाऱ्यांनीं क्षमा मागितली. फकिरानें झाडाखालचा पाचोळा गोळा करून त्यांच्या गोण्या भरल्या, आणि त्या पाचोळ्याचा पुन्हां माल झाला. तेव्हां ते व्यापार सोडून त्याच्याच सेवेंत राहिले. जुन्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरांतही ही कथा नोंदलेली असून, टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्या मानल्या जातात, असें त्यांत म्हटलें आहे.

इतिहासाची शंकाही येथें येते. बाबा फरीद तेराव्या शतकांतले चिश्ती संत. दिल्लीचे कुतुबुद्दीन बख्तियार काकी हे त्यांचे गुरु, निजामुद्दीन औलिया हे त्यांचे शिष्य. त्यांच्या नांवाची वाणी १६०४ मध्यें सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथांत आदरानें घेतली गेली. त्यांची समाधि पंजाबांत पाकपट्टण येथें आहे. तें गांव आतां पाकिस्तानांत आहे. मग गिरडला काय आहे? येथें त्यांनीं तप केलें, अशी श्रद्धा आहे. चाळीस दिवसांच्या एकांतसाधनेला ‘चिल्ला’ म्हणतात, आणि फरीदांच्या नांवाचीं अशीं चिल्ल्याचीं स्थानें देशांत अनेक आहेत. संताचा देह एका ठिकाणीं विसावतो. त्याची आठवण लोक आपापल्या टेकडीवर जतन करितात.

आई आतां नाहीं. बसाल्टाविषयीं मीं जें सांगितलें, त्यांतला एकही शब्द मला मागें घ्यावयाचा नाहीं. तें खरेंच आहे. मागें घ्यावयाचें होतें तें हंसणें. त्याच दिवशीं संध्याकाळीं आईनें मला नेहमीसारखें जेवावयास हांक मारली, ताट वाढलें, आणि दगडाचा विषय पुन्हां कधीं काढला नाहीं. पाचोळ्यानें गोण्या भरणें म्हणजे काय, तें मला त्या ताटावर कळलें.

दगड अजून त्याच कोनाड्यांत आहे. नातवंडें विचारतात, तेव्हां मी त्यांना लाव्हारसाची हकीगत सांगतों आणि फकिराचीही. मात्र दुसरी अर्ध्यावर सोडीत नाहीं.